मेफ्लायची नवी जात सापडली असं वाटतंय? आधी पंखकळ्या बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात प्राणिशास्त्राच्या एमएस्सीला असलेल्या एका विद्यार्थ्यानं डिसेंबरात मुळशीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ओढ्यातून मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या नाजूक कीटकाची तीन निंफ, म्हणजे पंख न फुटलेली पिल्लं, आणली. शेपटीचे तंतू तीन. पोटावरच्या कल्ल्यांची पहिली जोडी दोऱ्यासारखी, बाकीच्या जोड्या पानांसारख्या आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तीन टोकं. की (लक्षणांवरून ओळख पटवायचा तक्ता) लावून पाहिल्यावर जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, निघाला कोरोटर्पिस, पण पाठीवरची नक्षी कुठल्याच वर्णनाशी जुळेना. सर म्हणाले, "नवी दिसतेय, लिहून टाक." आता त्याला विचारायचंय की वर्णन कसं लिहायचं, कोणकोणते अवयव सोडवून काढायचे, प्रौढ कीटक लागतोच का की निंफवर भागेल, आणि शेवटी, जातीला आजीचं नाव देता येतं का.

मी बावीस वर्षं सह्याद्रीतल्या ओढ्यांचे दगड उलटे करून बघतेय, त्यातली बरीचशी मेफ्लायच्या मागे गेली. तेव्हा उत्तर लांबेल. आजीचा प्रश्न शेवटी घेते.

तुम्ही विचारलंय, वर्णन कसं लिहायचं. ते तर शिकता येतं. चांगले पाच-सहा पेपर समोर ठेवले की साचा हाताला बसतो. तुमचं खरं अडलंय ते त्याच्या आधीच. तुमच्या बाटलीत जे आहे ते कुणीतरी आधीच नाव देऊन ठेवलेल्या किड्याचं बालपण नाही, हे कशावरून? याचं उत्तर हातात असल्याशिवाय वर्णनाला हात घालू नका.

या किड्याचं आयुष्यच असं आहे की हा प्रश्न टाळता येत नाही. निंफ पाण्यात काही आठवडे ते काही महिने काढतं, कित्येकदा कात टाकतं आणि मग पाण्याबाहेर येऊन पंख फुटलेला सबइमॅगो होतं. त्याचे पंख दुधी, धुरकट, कडेला बारीक केसांची झालर असलेले. हा सबइमॅगो उडून जवळच्या पानाखाली बसतो आणि पुन्हा एकदा कात टाकतो, पंखांसकट. तेव्हा कुठे काचेसारख्या पंखांचा इमॅगो बाहेर येतो. उडते पंख आल्यावरही कात टाकणारा कीटकांचा आज हयात असलेला हा एकमेव गण. इमॅगो काही खात नाही. त्याचं तोंड नावापुरतं उरलेलं असतं आणि आतड्यात हवा भरलेली असते. तास-दोन तास ते फार तर काही दिवस, तेवढ्यात जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं.

म्हणजे निंफची ओळख पटते ती तोंडाच्या अवयवांवरून, कल्ल्यांवरून आणि पायाच्या नखीवरून. प्रौढ नराची ओळख पटते ती पोटाच्या टोकाला असलेल्या जननेंद्रियांवरून, पंखांच्या शिरांवरून आणि डोळ्यांवरून. या दोन याद्यांत सामाईक असं जवळजवळ काहीच नाही. नुसतं निंफ हातात घेऊन प्रौढाच्या वर्णनाशी ताडून बघायला गेलात, तर एकाच्या हाताचे ठसे दुसऱ्याच्या पासपोर्ट फोटोशी जुळवल्यासारखं होईल.

आणि जुनी नावं बहुतेक प्रौढांवरच बेतलेली आहेत. ईटन या इंग्रज पाद्र्यानं जगभरच्या मेफ्लायचा मोठा आढावा १८८३ ते १८८८ या काळात छापला, तो मुख्यतः प्रौढांचा. इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात प्राणिशास्त्रज्ञ चोप्रांनी १९२७ मध्ये भारतीय मेफ्लायवर लिहायला सुरुवात केली. त्या काळातले कितीतरी नमुने टाचणीवर वाळवलेले, पाय गळालेले. काही ठिकाणी तर नर नाहीच, नुसती मादी. त्यांची निंफ कशी होती हे कुणी पाहिलंच नव्हतं. दक्षिणेत मदुराईहून के. जी. शिवरामकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निंफ आणि प्रौढ यांची सांगड घालत पुढे बरंच काम केलं. तुमच्याच जीनसमधल्या, तमिळनाडूतल्या अळगर टेकड्यांचं नाव मिळालेल्या कोरोटर्पिस अलगरेन्सिसचं वर्णन आधी मिळवून वाचा. आपल्याकडच्या उत्तर सह्याद्रीत त्या मानानं कमी लोकांनी पाण्यात हात घातलाय. त्यामुळे नवी जात सापडण्याची शक्यता खरीच आहे, ती मी नाकारत नाही. पण 'निंफ कुठल्याच निंफच्या वर्णनाशी जुळत नाही' याचा अर्थ बहुतेकदा 'हे निंफ अजून कुणी चितारलेलं नाही' एवढाच निघतो. जात कदाचित दीडशे वर्षांपूर्वीच बारशी जेवून बसलेली असेल.

आता तुमच्या तीन निंफकडे येऊ. त्यांची पाठ बघा. छातीवर पंखकळ्या दिसतील, म्हणजे पुढचे पंख घडी होऊन ज्या पाकिटात बसलेले असतात ती. त्या फिक्या, छोट्या असतील तर ते पोर आहे. गर्द तपकिरी ते काळ्या झाल्या असतील तर ते एक-दोन दिवसांत बाहेर पडणारं पूर्ण वाढीचं निंफ. वर्णन नेहमी काळ्या पंखकळ्यांच्या निंफवर करतात. लहान निंफमध्ये नखीवरचे दात कमी असतात, जबड्यांवरच्या केसांच्या रांगा विरळ असतात, कल्ल्यांचा आकारही पुरता भरलेला नसतो. आणि पाठीवरची नक्षी, जिच्यावर तुमचा सगळा भरवसा आहे, ती सगळ्यात बेभरवशाची. नुकती कात टाकलेली निंफ फिकट पिवळी असतात, कात टाकायला टेकलेली गडद. सावलीतल्या ओढ्यातली आणि उन्हातल्या खडकावरची एकाच जातीची निंफ शेजारी ठेवली तर वेगळी वाटतात. त्यात अल्कोहोल रंग धुऊन काढतं ते वेगळंच. वयस्क निंफचे जबडे दगडावरचं शेवाळ खरवडून झिजतात, ते एक आणखी. झिजलेला दात 'बोथट दात' म्हणून वर्णनात गेलेला मी पाहिला आहे.

निंफवर भागेल का, याचं उत्तर कुळावर अवलंबून आहे. बीटिडी कुळात आज कितीतरी जाती केवळ निंफवरून लिहिल्या जातात आणि ते ग्राह्य धरलं जातं, कारण तिथे निंफचं तोंड, नखी आणि पाठीच्या कडांवरचे काटे इतके बोलके असतात की प्रौढापेक्षा निंफच जास्त सांगतं. तुमचं कोरोटर्पिस मात्र लेप्टोफ्लेबिडी कुळातलं. या कुळात नराची जननेंद्रियं आणि मागच्या छोट्या पंखाचा आकार बघितल्याशिवाय कुणी जाणता परीक्षक पुढे सरकू देणार नाही. तेव्हा नर इमॅगो मिळवा, आणि तो याच निंफचा आहे हे दाखवा.

दाखवण्याचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे घरी किंवा लॅबमध्ये निंफ वाढवून त्यातून प्रौढ बाहेर काढणं. ऐकायला सोपं वाटतं. माझी पहिली दोन वर्षं यातच गेली.

वाहत्या पाण्यातलं निंफ साठलेल्या कोमट पाण्यात तासा-दोन तासांत मरतं. मी ती पाण्यात आणतच नाही. थर्मासमध्ये ओली पानं आणि शेवाळ भरते, त्यात काळ्या पंखकळ्यांची निंफ सुटी सुटी ठेवते, बाहेरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला बर्फ. ताम्हिणीकडून निघून चांदणी चौकात अडकलात तरी मग जीव जात नाही. ओढ्याचं पाणी पाच-दहा लिटर कॅनमध्ये बरोबर आणा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. घरी आइस्क्रीमचे पारदर्शक डबे, मत्स्यालयाच्या दुकानातला छोटा हवेचा पंप, प्रत्येक डब्यात पाण्याबाहेर डोकं काढणारा एक खरबरीत दगड, वरून जाळीचं कापड. डबे न्हाणीघराच्या फरशीवर, भोवती ओलं फडकं. माठातलं पाणी जसं गार राहतं तसंच हे. पूर्ण वाढलेलं निंफ खात नाही, त्यामुळे खाण्याची चिंता नको.

एका डब्यात एकच निंफ. हा नियम कितीही डबे लागले तरी मोडू नका. निंफ बाहेर पडताना मागे जी कात सोडतं, त्या कातेत तोंडाचे सगळे अवयव, नखी, शेपटीचे तंतू, कल्ल्यांची पापुद्र्यासारखी खोळ, सगळं असतं. एका डब्यात एकच असेल तर ती कात आणि त्यातून निघालेला प्रौढ हे एकाच जिवाचे दोन भाग, यात शंका उरत नाही. दोन निंफ एकत्र ठेवलीत की ती खात्री गेली. कात अगदी मऊ ब्रशनं उचलायची, चिमट्यानं नाही.

सबइमॅगो दगडावर किंवा जाळीवर येऊन बसला की त्याला हात लावू नका. त्याचे पंख ओल्या टिश्यूसारखे असतात. उपडा केलेला कोरडा डबा हळूच वर ठेवा, तो स्वतःहून चढेल. डब्यात ओलसर कापसाचा बोळा ठेवा म्हणजे हवा दमट राहील, पण बोळ्याला तो चिकटणार नाही असा कोपऱ्यात. सीनिडी कुळातले काही मिनिटांत कात टाकतात; तुमचे बहुधा रात्रभर थांबून सकाळी. घाई करून सबइमॅगोलाच अल्कोहोलमध्ये टाकणारे बरेच. सबइमॅगोची जननेंद्रियं अजून आखूड, गुबगुबीत असतात. त्यावरून काढलेलं चित्र म्हणजे अर्धवट भाजलेली भाकरी.

एकदा माझ्याकडे चौदा डबे होते आणि रात्री वीज गेली. पंप बंद. सकाळी चौदापैकी तीन जिवंत. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा पंप ठेवते, आणि निम्मी निंफ ओढ्यातच सोडते: झाकणासह प्लास्टिकचे ग्लास, बाजूला खिडक्या कापून तिथे जाळी चिकटवलेली, दगडांच्या आडोशाला वाहत्या पाण्यात बांधून. ते स्वस्त आणि जास्त भरवशाचं, फक्त दुसऱ्या दिवशी परत जायला लागतं आणि म्हशींचं येणं-जाणं कुठून आहे ते आधी गावात विचारून घ्यावं लागतं.

याखेरीज संध्याकाळी ओढ्याकाठी पांढरी चादर आणि दिवा लावा, आणि दिवेलागणीला ओढ्यावर खालीवर नाचणाऱ्या नरांच्या थव्यात जाळी फिरवा. तिथे मिळालेले इमॅगो ढिगानं उपयोगी पडतात, पण ते 'बहुधा याच जातीचे' या सदरात मोडतात. सांगड पक्की करते ती घरात वाढवलेली एक-दोन उदाहरणंच.

डीएनएनंही सांगड घालता येते. निंफचा एक मधला पाय आणि नराचा एक पाय, दोन्हींतून सीओआय जनुकाचा बारकोडचा तुकडा वाचायचा आणि ताडून बघायचा. मी हल्ली दोन्ही करते. पण एक सावधगिरी. दोन-तीन टक्के फरक म्हणजे वेगळी जात, हा ठोकताळा आहे, कायदा नाही. मेफ्लायमध्ये एकाच जातीच्या दोन खोऱ्यांतल्या वस्त्यांत त्याहून जास्त फरक दिसू शकतो. जुळलं तर 'हे निंफ आणि हा नर एकच' असं म्हणायला डीएनए उत्तम. 'ही नवी जात' असं म्हणायला एकटा डीएनए लंगडा, कारण टाचणीवर वाळलेल्या जुन्या नमुन्यांचा बारकोड बहुधा कुठेच नसतो.

नमुने जपण्याचं थोडक्यात सांगते. रंगांचे फोटो जिवंतपणीच काढा, विशेषतः नराच्या डोळ्यांचे. वरच्या मोठ्या भागाचा नारिंगी-तपकिरी रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही. डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल, चिरफाडीसाठी ८० टक्के, कारण ९५ मध्ये पाय कडक होऊन मोडतात. फॉर्मॅलिन अजिबात नको. पहिल्या दिवशीच अल्कोहोल बदला, निंफच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. कुपी काठोकाठ भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला की एसटीच्या धक्क्यांबरोबर तो वरखाली आपटतो आणि घरी येईपर्यंत सगळे कल्ले तळाशी. लेबल पेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत. बाहेरचं पुसलं जातं, बॉलपेन विरघळतं. शुद्ध अल्कोहोलला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो तुमच्या कॉलेजकडे असेल. तिथूनच हिशेबानं घ्या. आणि ओढा अभयारण्यात येत असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी, नमुना नंतर. उलटं केलंत तर पेपर कुणी छापणार नाही.

आता चिरफाड. साधारण रीत अशी की उजव्या बाजूचे अवयव काढायचे आणि डावी बाजू तशीच राहू द्यायची. जबडे मात्र दोन्ही, कारण डावा आणि उजवा मुळातच वेगळे असतात. डोकं वेगळं करून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये काही तास ठेवलं की स्नायू विरघळतात आणि कवच पारदर्शक होतं. जास्त वेळ ठेवलंत तर इतकं पारदर्शक होतं की काहीच दिसत नाही. मग बारीक टाचण्या काडीला लावून केलेल्या सुया आणि अणकुचीदार चिमटा घेऊन एकेक अवयव सोडवायचा: वरचा ओठ, दोन जबडे, जीभ, मॅक्सिला (जबड्यांमागची जोडी), खालचा ओठ. लेप्टोफ्लेबिडीमध्ये वरच्या ओठाच्या पुढच्या कडेची खाच आणि तिच्यातले दात, मॅक्सिलाच्या टोकावरच्या कंगव्यासारख्या केसांची संख्या, मॅक्सिलाच्या आणि खालच्या ओठाच्या पॅल्पचे (बोटासारख्या उपांगाचे) तीन खंड एकमेकांच्या प्रमाणात किती, हे मोजायचं. नखीवरचे दात मोजायचे, आणि टोकाजवळचा दात बाकीच्यांपेक्षा मोठा आहे का ते बघायचं. पोटाच्या प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेवरचे काटे कितव्या खंडापासून सुरू होतात तेही. कल्ले पहिल्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येकी एक. स्लाइड पक्की करायला युपॅरल हा चिकट द्रव वापरलात तर अल्कोहोलमधून थेट जाता येतं. कॅनडा बाल्समला पायऱ्या जास्त.

नराच्या टोकाशी दोन गोष्टी: पकडीसारखी फोर्सेप्सची जोडी, तिचे खंड किती आणि त्यांची लांबी एकमेकांच्या प्रमाणात किती, आणि मधोमध शिश्नाचे दोन भाग, ते किती खोलवर फुटलेत, टोकं कुठे वळलीत. मेफ्लायच्या नरात हे अवयव जोडीनं असतात. इथे माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्यावहिल्या 'नव्या जाती'त हे दोन भाग बाहेरच्या बाजूला मोकळे फाकलेले होते, कुठल्याच वर्णनात तसे नव्हते. मी सहा महिने त्या चित्रावर घालवले. मग एका वयस्कर संशोधकांनी स्लाइड हातात घेतली, हसले आणि म्हणाले, "ही जात कव्हरस्लिपनं जन्माला घातलीय." स्लाइडवर झाकलेल्या त्या पातळ काचेच्या दाबामुळे फाकले होते ते. तेव्हापासून मी आधी खळगा असलेल्या स्लाइडवर ग्लिसरीनमध्ये, काहीही दाब न देता, वरून आणि खालून अशी दोन्ही चित्रं काढते. स्लाइड पक्की करायची ती त्यानंतर. तुमच्या कॉलेजच्या कपाटात कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातलं बघत चित्र गिरवायचं साधन) धूळ खात पडला असेल, तो पुसून घ्या; फोटोत जे दिसतं त्यातलं काय महत्त्वाचं ते चित्र काढतानाच डोळ्याला कळतं.

शक्य असेल तर मादीची अंडीही बघा. त्यांच्या कवचावरची जाळी, गाठी आणि चिकटायचे धागे जातीनिहाय वेगळे असू शकतात. पूर्ण वाढलेल्या मादी निंफच्या पोटातूनही अंडी मिळतात, त्यासाठी प्रौढ लागत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची सोय विद्यापीठात किंवा एखाद्या संस्थेत होते. पैसे आणि ओळख दोन्ही लागतात.

एवढं झालं की लिहिणं. लोक जिथे गडबडतात तो भाग म्हणजे निदान आणि वर्णन यांतला फरक. निदान म्हणजे 'हरवले आहेत' जाहिरातीतली ओळ: डाव्या गालावर तीळ, उजवा पाय किंचित लंगडा. जवळच्या जातींपासून वेगळं काढणारी तीन-चार लक्षणं, तेवढीच. वर्णन म्हणजे लग्नाचा बायोडेटा. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं ठरलेल्या क्रमानं, वेगळं असो वा नसो. विद्यार्थी निदानातच सगळा बायोडेटा कोंबतात, आणि मग वाचणाऱ्याला तीळ सापडत नाही. जवळच्या प्रत्येक जातीशी तुलना वेगळ्या परिच्छेदात करा. तुलना करताना त्या जातींचे मूळ नमुने किंवा किमान मूळ चित्रं स्वतः पाहिलीत की नाही, हेही प्रामाणिकपणे लिहा. मापं एकट्या होलोटाइपची (जातीचं नाव ज्या एका नमुन्याशी बांधलं जातं त्याची) द्या आणि शिवाय सगळ्या नमुन्यांची किमान-कमाल द्या; पावसाळ्यानंतर लगेच मिळालेले आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचे यांच्या आकारात फरक पडतो. तुमच्या तीन निंफवर 'जातीची लांबी इतकी' असं म्हणता येणार नाही. मला किमान दहा-बारा पूर्ण वाढलेली निंफ आणि चार-पाच नर असल्याशिवाय चैन पडत नाही.

होलोटाइप एकच. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर छापलेल्या प्रत्येक नव्या जातीसाठी नावाचा असा मूळ नमुना नेमून दाखवणं, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे सांगणं बंधनकारक आहे. मी वाढवलेला नर इमॅगो त्याच्या स्वतःच्या निंफ-कातेसह होलोटाइप ठरवते. एकाच जिवात दोन्ही अवस्था, पुढे कुणाला शंका काढायला जागा नाही. बाकीचे पॅराटाइप, म्हणजे जोडीचे नमुने. आणि हे नमुने तुमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवायचे नसतात. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. पुण्यात हे सोपं आहे: भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीलाच आहे. पेपर पाठवण्याआधी तिथे जा, नोंदणी क्रमांक घ्या आणि तो मजकुरात लिहा. जाल तेव्हा तिथले जुने मेफ्लायचे नमुनेही बघायला मागा; अर्ध्या शंका तिथेच फिटतात.

पेपर कुठे छापायचा याबद्दल जरा रागानं लिहिते. पैसे घेऊन आठवड्यात काहीही छापणारी नियतकालिकं आहेत आणि पदवीच्या घाईत विद्यार्थी तिथे जातात. गोम अशी की संहितेच्या औपचारिक अटी पुऱ्या झाल्या असतील तर असलं नावही वैध ठरतं. ते पुसता येत नाही. चुकीच्या चित्रासह छापलेलं नाव कायमचं यादीत बसतं आणि पुढच्या प्रत्येकाला ते उकलत बसावं लागतं. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल तर झूबँकमध्ये (प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी झाली आहे ना, तेही तपासा. आणि पेपर येण्याआधी कुणा वार्ताहराला नाव सांगू नका. 'मुळशीत नवी प्रजाती' ही बातमी चालेल, नाव मात्र छापून येता कामा नये. प्रबंधात लिहिलेलं नाव सहसा प्रकाशित धरत नाहीत, पण तिथेही मी 'कोरोटर्पिस, जाती १' एवढंच लिहायला लावते.

तुमच्यासाठी यंदाचं सांगायचं तर डिसेंबर तसा उशीर नाही. फेब्रुवारीपर्यंत ओढा वाहता राहील. मार्चनंतर डबकी उरतात आणि निंफ विरळ होतात. जमलं तर दर पंधरा दिवसांनी एक फेरी, प्रत्येक फेरीत काळ्या पंखकळ्यांची दहा निंफ. पुढच्या पावसानंतर ऑक्टोबरात पाणी नितळलं की पुन्हा. पावसाळ्यात त्या ओढ्यात उतरू नका, वर घाटात पाऊस पडला की मिनिटांत पाणी चढतं. मधल्या काळात तुमच्या तीनपैकी एका निंफचं तोंड सोडवून चित्र काढा, हात बसेल. सगळ्यात मोठ्या निंफच्या पंखकळ्यांचा जवळून एक फोटोही पाठवा. त्यावरून ते किती वयाचं आहे हे लगेच सांगता येईल.

आजीचं म्हणाल तर देता येतं. बाईच्या नावावरून केलेल्या जातीनामाला शेवटी 'ए-ई' ही दोन लॅटिन अक्षरं लागतात, पुरुषाच्या नावाला 'आय'. स्वतःचं नाव मात्र कुणी देत नाही. बंदी नाही, पण हसं होतं. मीही एकदा गावच्या ओढ्याचं नाव ठरवून बसले होते, आणि किडा निघाला जुनाच. वहीच्या शेवटच्या पानावर आजीचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवा, आणि पहिल्या नराचा फोटो आला की मला कळवा.